चिंचेनं घासलेला रुपया

चिंचेच्या कोळाचा वास आला की आजही तो चांदीचा रुपया आठवतो. नांदुऱ्याला असताना वडिलांनी आजोबांचा चांदीचा रुपया दर्जा ठरवायला मुंबईच्या नाणेतज्ज्ञांकडे पाठवला. प्रमाणपत्र मिळालं की किंमत वाढेल, ही आशा. आदल्या दुपारी मी तो पूजेच्या भांड्यांसारखा चिंचेनं घासून लखलखीत केला होता. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, हे मी नंतर वाचलं. मग महिनाभर पोस्टमन दिसला की मी दाराआड लपायचे. रुपया परत आला, सोबत चिठ्ठी: 'घासलेला, दर्जा देता येत नाही.' वडील माझ्याकडे पाहून म्हणाले, "काऊन घाबरून राह्यली? दर दिवाळीले मीच तं घासतो त्याले." परवा, त्यांचं तेरावं झाल्यावर, कपाट आवरताना रुपया मुंबईला पाठवण्याआधीच्या दिवाळीच्या पूजेचा फोटो सापडला. ताटातला रुपया काळाच होता.