आईसाठी एक रोल: मंचेरियल ते पैनगंगा

आमच्या आईचा एकही फोटो नाही. बाबांचा आहे, तोही कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. घरात बुद्धांच्या तसबिरीखाली बाबांचा फोटो लावला तेव्हा शेजारी आणखी एक खिळा ठोकून ठेवला होता. रोज सकाळी वंदनेला बसलो की तो रिकामा खिळा डोळ्यांसमोर येतो. आई गेली तेव्हा मी गावच्या शाळेत होतो. चेहरा आठवतो म्हणतो, पण मिटल्या डोळ्यांनी पाहायला गेलो तर दरवेळी अक्काच दिसते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर तिचं सासर. सगळा गोतावळा म्हणतो की अक्का म्हणजे हुबेहूब आई. आई गेली ते वय अक्काने कधीच मागे टाकलं. पण उन्हातान्हाच्या मजुरीने आईला लवकर म्हातारं केलं होतं, म्हणून दोघींचे चेहरे आता एकमेकींना येऊन मिळालेत. मागच्या वर्षी मला सुचलं, अक्काचाच फोटो आई म्हणून लावावा. डिजिटल कॅमेऱ्यावर पुष्कळ काढले. प्रत्येक फोटोनंतर अक्का म्हणायची, "दाखव न." पाहायची, केस सारखे करायची, पुन्हा बसायची. शेवटी म्हणाली, "बाप्पा, ही तं मीच हाओ. आई कुठं हाय याच्यात?" तिचं खरं होतं. पडद्यावर स्वतःला पाहिलं की माणूस स्वतःच होऊन बसतो.

यंदा दिवाळीनंतर इथे तेलंगणात, आम्ही राहतो त्या मंचेरियलला, बाजारातला एक जुना फोटो स्टुडिओ आवरत होता. तिथल्या काचेच्या कपाटात एक काळा, डब्यासारखा रोलचा कॅमेरा दिसला. मालकाने पुसून हातात दिला. "साब, यह आपको कुछ दिखाएगा नहीं," ते म्हणाले. "बस, देख लेगा." एवढ्या वाक्यावर मी तो घेतला.

ज्यांना डिजिटलवरून रोलकडे यायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. या कॅमेऱ्यात बटणं जवळजवळ नाहीतच. ऊन पाठीशी हवं, माणूस तीन-चार पावलांवर हवा आणि हात स्थिर हवा. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल ऑनलाइन मिळतो, स्वस्त नाही. मागे एक लाल खिडकी असते, तिच्यात फोटोचा आकडा दिसतो. प्रत्येक फोटोनंतर पुढचा आकडा येईपर्यंत चावी हाताने फिरवायची. विसरलात तर कॅमेरा काही बोलत नाही, दुसरा फोटो पहिल्यावरच घेतो.

एका शनिवारी पहाटे मी आणि बायको कांता निघालो. मंचेरियलहून लक्सेट्टीपेट, जन्नारम, उटनूर करत आदिलाबादला जाणारी बस धरा आणि खिडकी डावीकडची घ्या. जन्नारम सुटलं की जंगल लागतं. सागाची मोठाली पानं धुळीने मळकट झालेली, मध्येच बांबू, आणि धुक्यातून उन्हाचे कवडसे रस्त्यावर आडवे पडलेले. बस त्यांच्यातून जाताना आत उजेड-अंधार, उजेड-अंधार असं होत राहतं. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या पोटात बसल्यावर असंच दिसत असेल. कांताला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले झोप येऊन राह्यली." कंडक्टरने तिच्या हातात बायकांचं फुकटचं झिरो तिकीट ठेवलं, माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले. "बायकोच्या पाठीमागं लपले असते तं वाचले असते," ती म्हणाली आणि स्वतःच डोळे मिटून झोपली.

जंगलात मी एकदाही कॅमेरा उचलला नाही. उजेड कमी होता हे एक. दुसरं असं की, मोजके फोटो असले की माणूस आधी पाहतो. डिजिटल असता तर उटनूरपर्यंत शंभरेक झाले असते, आणि पाहिलं काहीच नसतं. उटनूरला बस थांबली. गरम मिरची भजी आणि चहा घ्या, बस बऱ्यापैकी वेळ थांबते. तिथे पहिला फोटो काढला, भजीवाल्या मावशींचा. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि हातातला झारा ठेवून, पदर सारखा करून, हात सरळ खाली सोडून उभ्या राहिल्या. मोबाइलसमोर आजकाल असं कुणी उभं राहत नाही. मी चावी फिरवली. लाल खिडकीत दोनचा आकडा हळूच वर आला, आणि मला उगाच फार आनंद झाला.

आदिलाबादला दुपार झाली. तिथून जैनथला बस, पुढे ऑटो. थंडीचे कपडे नक्की घ्या; आदिलाबादची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, मग रात्री पटते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सोयाबीन निघून गेलेलं. अक्काच्या गावात शिरताच माझ्या फोनने महाराष्ट्रात स्वागत असल्याचा निरोप दाखवला. नदीच्या पलीकडचं नेटवर्क आहे ते. भाऊजी ओसरीतून ओरडले, "या साहेब! अन् हे काय आनलं, टिफिनचा डबा?"

रात्री चुलीपाशी ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. जेवता जेवता मी अक्काला पुन्हा विचारलं.

"मी जिती हाओ न बाप्पा," अक्का म्हणाली. "काऊन मले भिंतीवर लटकवून राह्यला?"

"तुले नाई, आईले."

"अन् फोटो वाकडा आला तं आई म्हनन, पोरीनं माह्यं तोंड वाकडं केलं."

भाऊजी म्हणाले, "काढू दे वं. तिकडे मंचेरियलात भिंतीवर तरी गप बसशीन."

हसणं झालं. पण भांडी आवरताना अक्का हळूच म्हणाली, "एकच डाव बसीन. मागच्यावानी शंभर डाव नाई. अन् तू मले दाखवाचं नाई."

"दाखवताच येत नाही यात," मी म्हणालो.

सकाळी धुकं उठायला वेळ लागला. गावातल्या विहारात जाऊन बसून आलो. परत येतो तर अक्का ओळखू येईना. ती एरवी गोल साडी नेसते. आज शेजारच्या म्हातारीचं लुगडं मागून आणून, आई नेसायची तसा कासोटा घालून, डोक्यावरून पदर घेऊन उंबऱ्यात बसली होती. पाठीमागे घरातला काळोख, चेहऱ्यावर कोवळं ऊन. हातात कापसाची बोंडं होती, आणि बोटं सरकी काढत होती.

"अक्का, हात थांबव. हलले तर फोटो पुसट येईल."

"थांबले तं आई कशी? आई रिकाम्या हातानं बसे कई?"

"एवढ्यापुरतं."

तिने बोंडं खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मी कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत वाकून पाहिलं. छोट्याशा काचेत एक बाई बसली होती, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे कुठेतरी, अंगणापलीकडे पाहत होती. मला शाळेतून घरी येतानाचं अंगण आठवलं. श्वास रोखून कळ दाबली. टक् असा बारीक आवाज झाला.

मी वाट पाहत होतो की आता ती म्हणेल, "दाखव न." ती तशीच उठली, पदराने डोळे पुसले, आणि आत जाऊन लुगडं बदललं.

मग भाऊजी वावरात घेऊन गेले. वेचणी चालू होती. कमरेला झोळी बांधून बायका ओळीने वाकलेल्या, धुक्याचे शेवटचे धागे त्यांच्या पाठींवरून सुटत होते. एक म्हणाली, "साहेब, नुसता फोटो काढता, का दोन बोंडं वेचता?" दुसरी म्हणाली, "त्यायले आपल्यात उभं करा न् आपन फोटो काढू." मी फोटो काढला, चावी फिरवली, थोडा वेळ खरंच बोंडं वेचली. बोटांना टोचणारी ती टोकं मी विसरलो होतो. आई रोज याच्यातून घरी यायची.

संध्याकाळी पैनगंगेवर गेलो. पाणी कमी, रेती थंड, पलीकडच्या काठावर कुणी तरी म्हशी धूत होतं. शेवटचा फोटो घ्यायचा म्हणून कॅमेरा हातात घेतला तर लाल खिडकीत अकराच. मी मनातल्या मनात एक-एक आठवून पाहिला. हा बारावा असायला हवा होता. म्हणजे कुठेतरी मी चावी फिरवायला विसरलो होतो, आणि दोन फोटो एकावर एक बसले होते.

कुठले दोन, हे मला लगेच कळलं. उंबऱ्यातली कळ दाबल्यावर मी चावीला हातच लावला नव्हता.

मी तसाच गावाकडे गेलो. अक्का म्हशीला वैरण टाकत होती. सांगितलं.

"मंग?"

"पुन्हा एकदा बसशील?"

"एक डाव झाली मी आई," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बसली तं नुसतं सोंग होईन. ऱ्हाऊ दे." आणि म्हशीकडे वळली. उरलेल्या दोनांतला एक फोटो भाऊजींचा काढला, एक नदीचा.

परतीच्या बसमध्ये कांता म्हणाली, "ऑफिसात लोकांच्या जमिनीचे आकडे बरोबर लिवता, अन् इथं एक चावी फिरवता नाई आली?" मग बऱ्याच वेळाने, जंगल लागल्यावर, म्हणाली, "जाऊ द्या. अक्का बसली तरी." या वेळी कवडसे नव्हते, ढगाळ होतं.

रोल कुरिअरने हैदराबादला धुवायला पाठवला. इकडे आमच्या गावांत आता कुणी धूत नाही. वाट पाहण्याचे दिवस विचित्र असतात. फोटो असतोही आणि नसतोही. रोज वंदनेला बसलो की खिळा दिसे, आणि मी मनाला सांगे की जे झालं ते झालं, ते बघायला मिळालं हेच पुरे. मन ऐकत नसे.

पाकीट आलं त्या आठवड्यात अक्का आमच्याकडेच होती, नात्यातल्या लग्नाला आलेली. मी तिच्या नकळत आतल्या खोलीत जाऊन पाकीट फोडलं. भजीवाल्या मावशी छान आल्या होत्या, भाऊजी पण. मग तो निघाला. उंबऱ्यात बसलेली बाई, चेहऱ्यावर ऊन. आणि तिच्यामागच्या काळोखात, दाराच्या चौकटीत, आख्खं वावर उगवलेलं. वाकलेल्या बायका, पांढरी बोंडं. बोंडं तिच्या पदरावर आली होती, मांडीवर आली होती, आणि तिचे हात जिथे असायला हवे तिथे नुसता कापूस होता. चेहरा मात्र राहिला होता, पातळ, धुक्यातून दिसावा तसा.

गेला फोटो, असं मला वाटलं. पाकिटात परत ठेवत होतो तेवढ्यात अक्का दारात आली. "आला काय? दे इकडे."

मी दिला. तिने खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला. चष्मा वर सरकवून जवळून पाहिला, मग लांब धरला. मागच्या वर्षीसारखं केसांकडे पाहिलं नाही.

"पाह्य," ती म्हणाली. "तू तिले हात थांबवाले लावले. बसू बसू कटाळली न् गेली वावरात."

कांता हसायला लागली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "अक्का, ही तू आहेस का?"

"मी कायले? मी तं इथं हाओ."

आता पुष्कळजण विचारतात, रोलवर यावं का? खर्च आहे, वेळ जातो, चुका दुरुस्त होत नाहीत. मी रोजच्या कामाला अजून डिजिटलच वापरतो. पण या प्रवासातली माझी चूक मला दुरुस्त करता आली असती तर मी ती त्याच संध्याकाळी नदीवर सुधारली असती, आणि आई वावरात गेलीच नसती.

फोटो फ्रेम करून आणला त्या दिवशी अक्काने तो माझ्या हातून घेतला. स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगला, आणि खाली उतरून, तीन-चार पावलं मागे सरून उभी राहिली. मग डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.