अग्नीलाही न पचलेलं

आमच्या मागच्या पडवीत एक चूल होती. तिच्यावर कधी भात शिजला नाही. त्या चुलीवर बाबा पारा शिजवायचे.

पालीपासून थोडं आत आमचं गाव. भाताची शेती, आणि तिच्या जोडीला आजोबांकडून आलेली वैदकी. पारा आणि गंधक खलात घोटून काळी भुकटी करायची, ती जाड काचेच्या बाटलीत भरायची, बाटलीला माती माखलेल्या फडक्याचे थर द्यायचे आणि वाळूच्या घमेल्यात ती पुरून खाली जाळ लावायचा. दिवसभरानं बाटलीच्या गळ्याशी लाल औषध धरलेलं असे.

जाळ लावण्याआधी बाबा गोष्ट सांगायचे, दरवेळी तीच. शंकराचं तेज कुणालाच सोसवेना, तेव्हा अग्नीनं कबुतराचं रूप घेऊन ते तोंडात धरलं. पण त्यालाही ते पचलं नाही. अंगाची लाही लाही झाली, तेव्हा त्यानं ते गंगेत ओकून टाकलं. गंगेलाही पेलवेना, तिनं ते काठाबाहेर लोटलं. जमिनीत मुरलं, तो पारा. म्हणून पारा जाळावर ठेवला की अग्नीला आपलं जुनं दुखणं आठवतं. तो रुसतो आणि बाटली फुटते. त्याची समजूत काढायला त्याची बायकोच लागते, स्वाहा. आमच्या घरात स्वाहा म्हणजे आई.

आईनं तुपाची पळी जाळात सोडून ‘स्वाहा’ म्हणायचं. जिनं म्हटलं तिनं चूल विझेपर्यंत उठायचं नाही, हा आजोबांपासूनचा नियम. बसल्या बसल्या कामही असायचंच. धूर सुटला की बाटलीचा गळा तुंबतो, तो तापलेल्या सळईनं मोकळा करत राहायचा. बाबा लाकडं सारून पुढच्या ओटीवर दुखणाईतांशी बोलत बसायचे आणि आई मागे धुरात.

लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या आईशिवाय देवसुद्धा घास घेत नाही, असं मी शाळेत सांगत फिरायचे.

आता मी माणगावला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. मुळात घाबरट, त्यात रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचायचे, म्हणजे आधीच मर्कट त्यात मद्य प्यालेलं. यंदा गणपतीत घरी गेले तर आईनं आणलेला चहा निम्मा बशीत. दारातल्या रांगोळीची रेघ नागमोडी. विचारलं तर हात पदराखाली घेऊन म्हणाली, “वय झालं गो.” पण दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलेलं मी पाहिलं आणि मला मागची चूल आठवली.

रक्त मीच काढलं. नमुना मुंबईला गेला आणि मी माणगावला परतले. रोज आईला फोन करायचे.

“बसलीस का चुलीपाशी?”

“न्हाय गो बाय.”

मागून सळई बाटलीला लागल्याचा आवाज यायचा. माझी आई खोटं बोलायलासुद्धा शिकली नव्हती.

रिपोर्टमध्ये पारा निघाला, भरपूर. मी घरी जाऊन तो कागद बाबांच्या पुढ्यात टाकला. रागानं माझा आवाज चिरकत होता. “अग्नीला पचला नाही म्हणून तुम्हीच सांगता ना? मग हिला कसा पचेल?”

बाबांनी कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, “त्यानं वकून तरी टाकलान. ही कधी बोललीच न्हाय.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

रात्री बाबा जेवले नाहीत.

सकाळी उठले तर बाबा घरात नाहीत आणि कोनाड्यातली पाऱ्याची बाटलीही नाही. ती गोष्ट मला पाठ होती. अग्नीनं पारा कुठे टाकला होता? मी तशीच अनवाणी नदीकडे पळाले.

बाबा अंबेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात बाटली, बूच अजून लावलेलं. “बाबा, नको!” मी ओरडले. “गावाचं पाणी आहे ते!”

“गंगेनं घेतलान व्हता,” ते म्हणाले. “पाया पडून सोडतो.”

माझ्यामागून आई धापा टाकत आली. ती बाबांशी कधी वर तोंड करून बोललेली मी ऐकली नव्हती.

“घेतलान, आन बाहेर लोटलान,” ती म्हणाली. “ही अंबा कुटं लोटील? माश्यांत जाईल, पोरांच्या पोटात जाईल.”

“मंग ठेवू कुटं?” बाबांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

आईनं हात पुढे केला. तो थरथरत होता आणि आज तिनं तो पदराखाली लपवला नाही.

“द्या हिकडं. आजवर ठेवलाच की मी.”

बाबा त्या हाताकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांनी तो नीट पाहिला तो त्या दिवशीच. मग ते पाण्याबाहेर आले. बाटली तिला दिली नाही, मलाही दिली नाही. घरी येईपर्यंत ती त्यांनी आईपासून लांबच्या हातात धरली होती.