फासा टाकायच्या आधी मी फोन लावला

नमस्कार. दोन वर्षं मी या ग्रुपवर नुसती वाचते आहे. खरं सांगू? इथले बरेच अनुभव वाचून हसले आहे... यांना झोप कमी पडत असणार, असं म्हणून. माहेर कोकणात, म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच वाढले, पण एकही खरी वाटली नाही. आज स्वतःचा अनुभव लिहिताना मात्र हात थांबतोय. शाळा आठवीत सुटली, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मी कणकवलीकडची. लग्न होऊन घाटनांदूरला आले त्याला चार वर्षं झाली. मिस्टर परळीला कंत्राटी कामावर आहेत. माहेरी फक्त आई, एकटी. तिकडे जायला दीड दिवस मोडतो, म्हणून मनात सतत एकच — तिला काही झालं तर? नणंद प्रेरणा यावरून चिडवते, "वहिनीचं अर्धं काळीज रोमिंगवर हाय." पण मला मोबाईलवर मराठी टाईप करायलाही तिनंच शिकवलं. सासर चांगलं मिळालं, हे मी कुठंही सांगेन.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. सकाळी विहारातली वंदना आटोपून आम्ही दोघी अंबाजोगाईला गेलो. तिथं परळी रोडला पहिल्या मजल्यावर प्रेरणाच्या कॉलेजच्या ग्रुपचं आवडतं हॉटेल आहे. नाव देत नाही. बोर्डावर 'रेस्टॉरंट अँड पब' लिहिलंय, म्हणून सासूबाईंना — आम्ही त्यांना आत्या म्हणतो — नुसतं 'कॅफे' सांगितलेलं. पबचा भाग पडद्यामागं, तो संध्याकाळी उघडतो. बाकी सगळं कॉम्प्युटर, कॉमिक, व्हिडिओ गेमवाल्या पोरांचं. दारात पाण्याच्या टाकीचा केलेला रोबो, छताला टांगलेली अंतराळयानं, वेटरच्या पाठीवर सिनेमातल्या हिरोसारखी झूल. मेनू इंग्रजीत. मी घाबरून एका नावावर बोट ठेवलं, प्रेरणा म्हणाली त्याचा अर्थ 'विषाची बाटली', आणि आला कैरीचा सोडा.

कोपऱ्यातल्या टेबलावर प्रेरणाचा ग्रुप — समीर आणि आणखी दोघं. त्यांचा गोष्टीचा खेळ चालतो. समीर वहीतून गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. मधेच तो विचारतो, "तुम्ही काय करता?" आपण उत्तर द्यायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जास्त पडले तर काम झालं, कमी पडले तर फसलं. मला त्यांनी वैदूबाई केलं.

तासभर मजा आली. जंगल झालं, नदी झाली. दोनच्या सुमारास समीर वहीत बघून सांगायला लागला...

"आता तुमच्यापुढं लाल चिऱ्याचं घर. घरामागं मांगर. मांगराच्या माळ्याला शिडी लावलीय, तिची तिसरी पायरी काथ्यानं बांधलेली. एक बाई लाकडं काढायला वर गेलती. शिडी सरकली. पाय हलत नाय तिचा. हाका मारतीय, पण कुणालाच ऐकू जाईना. वैदूबाई, तुम्ही काय करता?"

माझ्या हातातला फासा तसाच राहिला. मांगर म्हणजे आमच्याकडं गवत-लाकडं ठेवायची खोप. इथं कुणी तो शब्द वापरत नाही. आणि ती पायरी... ती काथ्यानं मी बांधली होती. गणपतीच्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा. त्या वेळी मांगरात आई आणि मी, दोघीच.

मी म्हटलं, "मी फोन लावते."

सगळे हसले. "वहिनी, या राज्यात मोबाईल न्हाई! फासा टाका."

लाज वाटली. वाटलं, आपल्यामुळं प्रेरणाची मित्रांत शोभा होणार. अडाणी बाई, खेळ आणि खरं यातला फरक कळत नाही... क्षणभर फासा हलवलासुद्धा. मग ठेवून दिला आणि आईला फोन लावला. रिंग पूर्ण गेली. पुन्हा लावला. तेच.

शेजारच्या बाबलकाकांना लावला. "काका, आई फोन घेत नाय. जरा आमच्या मांगरात बघून येता?"

"अगो, दुपारची झोपली असतली."

"तरी बघा. पाया पडते तुमच्या."

आता कुणी हसत नव्हतं. प्रेरणानं माझा हात धरला. समीर म्हणाला, "वहिनी, गोष्ट हाय हो ती. कावून घाबरता?" पण त्याचाही आवाज उतरला होता.

पंधरा-वीस मिनिटांनी काकांचा फोन आला. आई मांगरातच होती. खाली पडलेली, खुबा मोडलेला, घसा बसलेला. सकाळी दहापासून. तासाभरात काकांनी गाडी करून तिला हॉस्पिटलात नेलं. ती रात्र तिथंच गेली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर आम्ही समीरची वही पाहिली. त्या पानावर दगडी बुरूज, दोन पहारेकरी आणि कुलूप लावलेला दरवाजा. चिऱ्याचं घर नाही, शिडी नाही. तो म्हणाला, "आईशप्पथ वहिनी, मांगर म्हंजे काय ते मला आत्ताबी माहीत न्हाई." पोरगा लातूरच्या पुढं कधी गेलेला नाही. पण तो काय बोलला ते टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं, मी एकटीनंच नाही.

ऑपरेशन झालं. "त्यांना इकडंच आण, तिकडं एकल्या काय करत्याल?" असं आत्यांनीच सांगितलं. आई आता घाटनांदूरलाच आहे, काठी घेऊन चालते. आत्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एकदा तिला विचारलं, पडल्यावर एवढा वेळ काय केलंस?

आई म्हणाली, "आधी बाबल्याक हाका मारलंय. कोण येयना. मग तुकाच सगळा सांगत रवलंय... फोनवर सांगतंय ना, तसा. शिडी सरकली गो, पाय हलत नाय गो."

ती सांगत होती मला. बोलला समीर. हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं, तर लिहा.