मी खोट्या ठरवलेल्या चकत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं ओठांवर यायच्या आधीच कळतं. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. बसा, एवढंच.

मी वणीला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची. कापसाची ती पडती वर्षं होती. बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, आणि माणसं कापसाकडे नाही, माझ्या बोटांकडे बघायची. मी 'हलका' म्हटलं की हलका. अशा माणसाला त्याची बोटं चुकतात हे कोण सांगणार — आणि त्यानं ऐकून तरी घेतलं असतं का?

गावात आमचा एक क्लब होता. रविवारी दुपारी रमी. पैशांऐवजी टेबलावर प्लास्टिकच्या रंगीत चकत्या मांडायच्या, डाव मोडला की त्यांचे पैसे घ्यायचे. जुन्या झिजल्या तेव्हा नव्या आणायचं काम माझ्याकडे आलं. "ग्रेडर साहेबाच्या हाताले समजते," असं सगळ्यांचं म्हणणं. नागपूरला गेलो आणि स्वस्तातला एक डबा उचलला. खरं सांगू? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण क्लबात मी चकती टेबलावर आपटून आवाज ऐकवला, कडेवरून नख ओढलं, दहा-बारा एकावर एक रचून दाखवल्या. "वजन पाहा. असा माल इकडं भेटत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंधरा दिवसांत त्याच चकत्या मला आमच्याच बाजारात, खेळण्यांच्या दुकानात दिसल्या. फुग्यांच्या शेजारी पिशवीत टांगलेल्या. तोच रंग, तीच कड, साच्याची तीच रेघ. म्हणजे कुणीही घ्याव्यात आणि खिशातून आणून खेळात मिसळाव्यात. क्लबात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं — हसं झालं असतं ना माझं!

आणि व्हायचं तेच झालं. एका रविवारी डाव मोडताना सगळ्यांच्या पुढ्यातल्या चकत्या मोजल्या, तर डब्यातून काढल्या होत्या त्यापेक्षा जास्त निघाल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "साहेब, तुमीच सांगा, खोट्या कोणत्या?"

तेव्हा म्हणता आलं असतं — नाही सांगता येत, सगळ्या सारख्याच आहेत, माझी निवडच भिकार. एक वाक्य. पण जीभ उचलेना. मी एकेकाच्या पुढ्यातली चकती घेऊन बोटांत फिरवत गेलो, आणि वानखडे मास्तरांपाशी थांबलो.

त्यांच्यापाशीच का? मास्तर एकटे. बायको गेलेली, मुलगी दूर सासरी. रविवारची ती दुपार हाच त्यांचा गोतावळा होता, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मागच्याच आठवड्यात त्यांनी सर्वांदेखत माझी थट्टा केली होती — "ग्रेडर साहेब, सकाळचा कापूस अन् जेवल्यावरचा कापूस तुमच्या बोटाले येगयेगळा लागते का?" सगळे हसले. मीही हसलो. ते आत सलत होतं. मी त्यांच्या ढिगातल्या चार चकत्या बाजूला सारल्या आणि म्हणालो, "ह्या हलक्या."

मास्तर भांडले नाहीत. थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले, मग टोपी घेऊन निघून गेले. पुन्हा क्लबात आले नाहीत. कुजबुज शाळेपर्यंत पोचली. वर्षभरात त्यांनी मुकुटबनला बदली मागून घेतली. चकत्या कुणी मिसळल्या हे मला आजही माहीत नाही.

काही वर्षांनी कामानिमित्त मुकुटबनला गेलो, तर स्टँडवर मास्तरच समोर. टाळता येईना. त्यांनी हाताला धरून घरी नेलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, "साहेब, एक विचारू का? त्या चकत्यांत फरक कायचा होता? मी लय पाह्यलं त्या दिवशी. मले तं काही दिसला नाही."

टोमणा नव्हता हो. माणूस खरंच विचारत होता. खोलीत आम्ही दोघंच. क्लब नव्हता, हसणारं कुणी नव्हतं. इथं तरी —?

मी घसा साफ केला आणि त्यांना फरक समजावून सांगितला. कडेची रेघ, आवाज, वजन. पाच-दहा मिनिटं बोललो असेन. थांबायचं कसं तेच कळेना.

मास्तर मन लावून ऐकत होते. "असं होय," ते म्हणाले. "मंग कोणी तरी माह्या ढिगात टाकल्या असतीन. अन् मी इतके वर्सं तुमच्यावरच शक घेऊन राह्यलो. माफ करजा, साहेब."

मी म्हणालो, "जाऊ द्या, मास्तर. होते असं." आणि त्यांना माफ केलं.