हिरव्या भिंतीपुढचा देव

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. त्यापुढे शाळाच सुटली. चुकून कुणाच्या हाती हे पान लागलं तर चुका पोटात घालाव्यात. हे मी रंगाविषयी लिहिते आहे, ते माझं मलाच नीट उमगावं म्हणून.

माहेर पेडण्याकडचं, लग्न होऊन पाळी गावात आले. सासऱ्यांची गणपतीची शाळा होती, म्हणजे घराच्या अंगाला एक लांब पडवी. चवथीच्या आधी लोक आपल्या घरचा पाट आणून ठेवायचे आणि त्या पाटावरच त्यांचा देव घडायचा. सुरुवातीला मी उंदीर रंगवले, मग पितांबर. गोवा राज्य झालं त्या वर्षी सासऱ्यांचा हात कापू लागला आणि त्यांनी अंगरंग माझ्याकडे दिला. अंगरंग म्हणजे देवाच्या कातडीचा रंग. चेहरा त्यातच येतो.

माती मळणाऱ्यांचा वाद चालला होता, मुलांना कोंकणीतून शिकवायचं की मराठीतून. सासरे म्हणाले, “देवाक दोनूय कळटात. हात चलयात!” मी खाली मान घालून रंग कालवत होते. सफेद, पिवळा, त्यात लाल. पण मूर्तीवर लावला की तो फिका वाटे, हिरवट झाक आल्यासारखा. उपाशी माणसासारखा देव कसा द्यायचा? मी लाल वाढवत गेले.

मुळगावच्या एका घरचा देव पोचवताना वाटेत कुठे खरचटलं तर हात फिरवायला मी रंगाची वाटी घेऊन सोबत गेले. देवाच्या खोलीला नवा हिरवा रंग दिला होता. माटोळीखाली, म्हणजे फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली, देव ठेवला. तोंड लालभडक दिसत होतं. त्या घरच्या म्हातारीने चष्मा पुसून पुन्हा लावला.

“गे बाय, देवाक ताप आयला काय?”

सगळे हसले. मला दुरुस्त करता आलं असतं, पण वाटीत तोच रंग होता.

शाळेतून उठलेला देव परत आणत नाहीत. तो तसाच पुजला. विड्याच्या पानावर त्यांनी ठेवलेले पैसे मात्र सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी परत पाठवले. ते पैसे मातीसाठी हवे होते. मला एवढंच म्हणाले, “फुडल्या वर्सा तूं पितांबर कर.”

मी दाराआडून म्हटलं, “ते पैसे मी फेडीन.”

पैसे हे निमित्त होतं. मला चेहरा परत हवा होता.

परसात अबोली होती. गजरे करून सासूबाईंसोबत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसू लागले. ओरडून विकायला जमेना. सासूबाई म्हणायच्या, “गिऱ्हाईक तुजें मन वाचपाक येवचें ना गे!” एकदा केळीचं पान संपलं, म्हणून अर्धे गजरे लाल फडक्यावर मांडले. ते विटलेले दिसले. शेजारच्या पानावरचे तर पेटल्यासारखे. एकाच झाडाची, त्याच सकाळची फुलं. मी एक गजरा उचलून पानावर ठेवला, तो पेटला. परत फडक्यावर ठेवला, तो विझला. सासूबाई म्हणाल्या, “खेळतेस काय?”

घरी येऊन मी पडवीकडे नव्याने बघितलं. बाहेरून खाणीचे ट्रक जायचे. वर्षानुवर्षांची लाल धूळ भिंतीत, चटईत, जनेलाच्या म्हणजे खिडकीच्या गजांवर मुरली होती. दिवसभर त्या लालात बसल्यावर माझा डोळा लालाला लाल म्हणत नव्हता. म्हणून अंगरंग मला हिरवट दिसे. आणि त्या मुळगावच्या हिरव्या भिंतीने मी घातलेलं सगळं लाल उघडं पाडलं. एकटा रंग कधी दिसतच नाही. शेजारी काय आहे आणि आपण कुठून उठून आलो, तेही त्याच्यात दिसतं.

डोळ्यापुढे लाल नको म्हणून जुनं धोतर राखेच्या पाण्यात बुडवून करडं केलं आणि वाळवून मी पडवीत टांगलं. त्याच्यासमोर फुटक्या मूर्तीच्या एका गालावर कालवून बघू लागले. सावलीसाठी काळा घातला की गाल मळायचा. किंचित हिरवा घातला तर तिथे रक्त असल्यासारखं वाटायचं. सासरे येता-जाता बघायचे.

पुढच्या चवथीला मुळगावचा पाट आला, सोबत म्हातारीचा निरोप: “देव तिणेंच रंगवचो. पूण ह्या वर्सा ताप नाका.”

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाट माझ्या बाजूला सरकवला. मी पाट आणणाऱ्याला विचारलं, “भिंत अजून हिरवीच?” एवढं विचारायला माझे कान तापले.

“हिरवीच. देवान भिंतीची चौकशी केल्या?” तो हसला. मीही हसले.

मी लाल थोडा कमी ठेवला. पडवीत देव फिका वाटला, पण मी हात आवरला. मुळगावला माटोळीखाली ठेवल्यावर म्हातारी चष्मा सावरून जवळ आली.

“बरो जाला,” ती म्हणाली. “जेवून आयल्यासारको.”

विड्याच्या पानावरचे पैसे मी घरी आणले. सासऱ्यांनी माझा वाटा माझ्या हातात दिला. अबोलीच्या पैशांतून बरंचसं आधीच फेडलं होतं. त्या वाट्यातून उरलेले मोजून मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, नुसते कपाळाला लावले.

“फिटले,” ते म्हणाले.