टाकळ्यावरचा नकार

पिवळ्या फुलपाखराची मादी टाकळ्याच्या पानावर बसते, पंख सपाट पसरते आणि पोट उभं वर उचलते. तो तिचा नकार. बहुतेकदा तिचं मीलन आधीच झालेलं असतं. आता अंडी घालायला पान हवं असतं, नर नको. तरीही तो घिरट्या घालतो, फडफडत अंगावर येतो. ती पोट खाली घेत नाही. शेवटी तोच निघून जातो.

फुलपाखरं बघायचा नाद मला चाळिशीत लागला. हे एवढंच मात्र बघवत नाही. उठतो, बांधावर येरझारा घालतो, परत येऊन बसतो.

यंदा गौरीच्या सणाला बहीण उमरठला माहेरी आली. घरामागे माझी ती उठबस बघून म्हणाली, "दादा, मुंग्या चावल्या काय रे?"

मी मादी दाखवली. "बघ, ती नाय म्हणतेय."

"आणि तो ऐकतो? मग माणसांपेक्षा बरा हाय."

तेव्हा मी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं. तिच्या लग्नाआधी तिला बघायला महाडचे पाहुणे आले होते. आमच्याकडे बाप मुलीला थेट विचारत नसे, भावाला आत पाठवी. मागच्या पडवीत ती म्हणाली होती, "नको सांग." ओटीवर येऊन मी सांगितलं, "हो म्हणते." तिचं उरकल्याशिवाय माझं ठरणार नव्हतं, आणि माझा जीव पाचाडच्या एका मुलीत अडकला होता. तीच आज माझी बायको.

बहीण टाकळ्याची शेंग चुरगाळत राहिली.

"म्हंजे मी नको म्हटलेलं बाबांना कळलंच नाय?"

"नाय."

"मला वाटलं, त्यांनी ऐकून दाबलं. मरेपर्यंत धड बोलले नाय रे त्यांच्याशी. ते यायचे, मी चहा द्यायचे, आत जायचे."

तिच्या संसाराबद्दल ती मला काय काय बोलेल, याची उत्तरं मी इतकी वर्षं जुळवली होती. बाबांचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"ते विचारायचे कधी, पोरगी अशी तुटक का वागते म्हणून?"

"विचारायचे."

"मग तू काय सांगायचास?"

"सासरी दमते, म्हणायचो."

ती उठली. "आत्ता आत येऊ नको."

ओटीवर बाबांचा फोटो आहे. दिवेलागण होऊन गेली तरी मी बांधावरच फिरत होतो.