आतल्या टायराची हवा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या दारात टँकरचा टायर फुटला, तिथून हे सुरू झालं. दुष्काळात गावात दुसरं काही साठत नाही, टँकरचे किस्से मात्र हंडे भरभरून साठलेत!

टँकर दूध सोसायटीचा, दुष्काळात पाणी वाहतो, चालवतात आमचे हे. मागं दोन्ही बाजूला दोन-दोन टायर, एक आत, एक बाहेर. आतल्यातली हवा गेली की सगळं वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो अन फुटतो. लेकरू दचकून रडायलं, अन हे म्हणतात, "बाहेरचा तर टणक होता की!"

शेजारच्या गयाआत्या म्हणाल्या, "म्हणून तर आतल्याला कुणी इचारलं न्हाई. आमच्या सासरी बी असंच हाय!"

तेव्हापासून हे घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

*

पंक्चरवाल्यानं सांगितलं, व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की हवा तिथूनच जाते. मी लेकराच्या आंघोळीचं उरलेलं पाणी घेऊन टँकरखाली वाकले.

आत्या ओरडल्या, "अगं, सासरा बिनआंघोळीचा बसलाय, अन टायराला न्हाऊ घालती व्हय!"

*

तालुक्याचे साहेब पाहणीला येणार, म्हणून सोसायटीच्या चेअरमननी बाहेरचे टायर काळ्या रंगानं रंगवून घेतले. मी म्हटलं, आतल्यांना नवे व्हॉल्व्ह बसवा. तर म्हणे, "ते दिसतात कुणाला?"

साहेब खूश! "नवे घेतले वाटतं?"

चेअरमन मान डोलावणार, तेवढ्यात आत्या: "सायेब, हात नका लावू, वले हाईत!"

*

निघताना टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकायचा. भरलेला टणटण वाजतो, बसलेला भद्द. हे बाहेरचेच ठोकायचे. "आतल्यापर्यंत हात पुरत न्हाई."

मी म्हटलं, "फडताळातल्या लाडवापर्यंत बरा पुरतो!"

*

हा किस्सा मात्र लई भारी. भरला टँकर घेऊन हे लिंबागणेशकडं निघालेले, जेवायला घरी थांबले. मी टॉमी घेऊन आतला टायर ठोकला. भद्द!

"अहो, पुढं घाट हाय. पंक्चर काढून जा."

"तिकडं लोक तहानलेत. बाहेरचा तग धरंल." इंजन सुरू!

आमच्या गावाची पाळी दुसऱ्या दिवशी, पण घागरींची रांग आमच्या दारापुढं आदल्या दिवशीच लागलेली. रांगेतली दुसऱ्याची घागर हलवायची नाही, हा नियम ह्यांनीच घातलेला, भांडणं नकोत म्हणून. गयाआत्यांनी आपली घागर उचलली अन टँकरच्या चाकापुढं ठेवली. मागोमाग दुसरीनं, तिसरीनं. बघता बघता सगळी रांगच चाकापुढं!

ह्यांनी हॉर्न मारला. "आत्या, घागर काढा!"

आत्यांनी पदर खोचला. "रांगेतली हाय. हलवून दाव!"

हे खाली उतरले, जॅक काढला.

तुमच्याकडं टँकर येत असंल तर ड्रायव्हरला एवढं सांगा, अन पुढच्या गावालाही सांगायला लावा: आतला टायर ठोकल्याबिगर गाडी हलवू नका.